खंडातल्या पानाची नोंद ठेवा

मा. कुलगुरू,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी



मागच्या खरिपात श्रावण लागला आणि पावसाने खंड दिला. पंधरा दिवस झाले तरी थेंब नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला मी आमच्या सोयाबीनच्या बांधावर उभी होते. सगळ्या वावरानं पानं उलटी केली होती. एरवी गर्द हिरवं दिसणारं रान पांढुरकं दिसत होतं, कारण पानांची खालची फिकट बाजू वर आली होती. मधल्या तासातल्या तुरीनं पानं मिटून आभाळाकडे उभी धरली होती. शेजारच्या वावरातले आबा डोक्यावरचा टॉवेल सारखा करत बांधावर आले आणि म्हणाले, "बाई, एक इचारू का? टीव्हीवर सांगत होते, हवेत कार्बन लई वाढलाय. आन् तुम्हीच आमच्या पोराला शिकवलं, झाड कार्बन खाऊन मोठं होतं. मग खाणं वाढलंय तर पिकानं माना का टाकल्या?"

मी त्यांना बांधावरच उत्तर दिलं, पण ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं आमच्याच मातीत, आमच्याच वाणांवर मोजून मिळण्यासारखं आहे, आणि ते मोजण्याची साधनं व माणसं आपल्याकडे आहेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आबांसारख्या सगळ्यांनाच ते वाचता यावं.

मी धारूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून घरची कोरडवाहू जमीन बघते. बालाघाटाच्या उतारावरची ही जमीन. वरचा तुकडा मुरमाड, खालचा काळा. खरिपात सोयाबीन आणि त्यात तूर, कडेला थोडी कपाशी. खालच्या तुकड्यात रब्बीची ज्वारी. विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी राहत नाही, त्यामुळे सगळी भिस्त वरच्या पाण्यावर.

आपलं विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. त्याच वर्षीच्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या घरात अजून निघतात. आई खडी फोडायला जात होती आणि घरी मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या. त्या वर्षी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ३२७ भाग इतकं होतं. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होतं, आणि कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी २८०. २०२४ सालची सरासरी ४२४ च्या वर गेली. म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेपासून आजपर्यंत हवेतला हा वायू जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढला. १९७२ सालच्या ज्वारीच्या पानाला जी हवा मिळत होती, ती आजच्या पानाला मिळत नाही. बाजारात येणारी खतं बदलली, औषधं बदलली, याची चर्चा पारावर रोज होते. हवा बदलल्याची चर्चा होत नाही, कारण ती डोळ्याला दिसत नाही. पानाला मात्र तो बदल कळतो, आणि ज्या ठिकाणी कळतो ती जागा शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते.

शाळेत मी दरवर्षी हा प्रयोग मुलांकडून करून घ्यायचे. सोयाबीनच्या पानाच्या खालच्या बाजूला रंग नसलेल्या नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा. वाळला की पारदर्शक चिकटपट्टी लावून तो उचलायचा आणि काचपट्टीवर चिकटवायचा. चारशे पट मोठं करून बघितलं की पानाच्या कातडीचा ठसा दिसतो आणि त्यात जागोजागी मिटल्या-उघडल्या ओठांसारख्या फटी. हीच पर्णरंध्रं. प्रत्येक फटीच्या दोन बाजूंना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी असतात. ज्वारीच्या पानात त्या व्यायामाच्या डंबेलसारख्या दिसतात आणि पेरलेल्या तासांसारख्या ओळीत बसतात. रक्षक पेशींत पोटॅशियम आणि त्यामागून पाणी शिरलं की त्या फुगतात आणि मधली फट उघडते. पाणी निघून गेलं की पेशी सैल पडतात, फट मिटते. एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, ह्यांना मिटायला कोण सांगतं?" इतकी वर्षं शिकवलं, त्यात मला विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

सांगणारे अनेक असतात. उजेड उघडायला सांगतो. जमीन सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल तयार होतं आणि ते मिटायला सांगतं. हवा कोरडी झाली तरी मिटण्याचा निरोप जातो. आणि पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड पुरेसा साठला की तोही सांगतो, आता एवढं उघडं राहायची गरज नाही. हा शेवटचा निरोप रक्षक पेशींना नेमका कळतो कसा, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या ज्युलियन श्रोडर यांच्या गटानं दाखवलं की कार्बन वाढला की रक्षक पेशींतली दोन प्रकारची प्रथिनं एकमेकांना जाऊन चिकटतात आणि त्यातून फट मिटण्याचा निरोप सुरू होतो. ही पेशी किती बारीक, आणि तिला हवेतला एवढासा फरक जाणवतो, हे वाचलं त्या रात्री मी त्या मुलीला फोन करून सांगितलं. ती आता पुण्याला परिचारिका आहे.

या फटींचा सगळा व्यवहार देवघेवीचा आहे. कार्बन आत घ्यायचा तर फट उघडावी लागते, आणि फट उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. सोयाबीन, तूर, कपाशीसारख्या पिकात कार्बनचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे साधारण चारशे रेणू बाहेर गेलेले असतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या गटात हा हिशोब दीडशेच्या आसपास बसतो. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शेकडा सत्त्याण्णवच्या वर भाग असाच पानांवाटे उडून जातो. आता हवेतच कार्बन जास्त असेल, तर फट थोडी कमी उघडूनही पानाला हवा तेवढा कार्बन मिळतो. पान तसंच करतं. जगात ठिकठिकाणी उघड्या शेतात नळ्यांचं कडं लावून, आतली हवा साडेपाचशे भागांच्या आसपास नेऊन प्रयोग झाले आहेत. त्यांत पानांच्या रंध्रांची वाट सरासरीनं एक पंचमांशाहून थोडी जास्त आकसलेली दिसली.

हे झालं पानाचं रोजचं वागणं. पिढ्यान् पिढ्यांचं वागणं निराळं. १९८७ साली एफ. आय. वुडवर्ड या शास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या संग्रहांत दोनशे वर्षांपासून वाळवून ठेवलेली झाडांची पानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि ताज्या पानांशी ताडून बघितली. दोनशे वर्षांत त्या जातींच्या पानांवरची रंध्रं सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली होती. झाडांनी दारं नुसती किलकिली केली नव्हती, नव्या पानात ती कमीच बसवली होती. पण शेतातल्या पिकांवर, काही हंगामांपुरत्या प्रयोगांत, रंध्रांची संख्या फारशी बदललेली दिसत नाही. बदलते ती त्यांची उघडण्याची मापं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शेतकरी दरवर्षी नवं बी विकत आणतो, ते बी दुसऱ्याच कुणी दुसऱ्याच जमिनीवर निवडलेलं असतं. ज्वारीचं बी एके काळी आमच्या घरात कणगीतून तिफणीत आणि तिफणीतून कणगीत फिरायचं. कुठल्या बियात किती रंध्रं आहेत आणि ती किती लवकर मिटतात, हे आता वाण निवडणाऱ्यांच्या हातात आहे. म्हणजेच आपल्या हातात.

एक विनंती इथंच करून टाकते. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९९८ साली आला. अशा कामासाठी गोळा केलेले वाळवलेले नमुने छत्रपती संभाजीनगरला आणि पुण्याला सांभाळून ठेवलेले आहेत. त्यातली कडुनिंब, पळस, बाभूळ यांची जुनी पानं आणि त्याच गावच्या आजच्या झाडांची पानं शेजारी ठेवून कुणी एका विद्यार्थ्यानं रंध्रं मोजली, तर मराठवाड्याच्या हवेची साक्ष मराठवाड्याच्याच पानातून मिळेल. याला नवी इमारत लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही.

आता आबांच्या प्रश्नाकडे येते. त्यांच्या वावरात जे उभं होतं ते सोयाबीन. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अर्बाना-शँपेन इथं २००१ पासून सोयाबीनवर उघड्या शेतात असे प्रयोग चालू आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेल्या कार्बनमुळे तिथं उतारा वाढला, आणि त्यावरून असंही म्हटलं गेलं की दुष्काळात हा फायदा आणखी मोठा असेल, कारण पान पाणी वाचवील. ऐकायला हे अगदी पटतं. मीही वर्गात हेच सांगितलं होतं. पण आठ हंगामांची मोजणी २०१६ साली प्रसिद्ध झाली आणि तिनं उलटं दाखवलं. हंगाम जितका कोरडा आणि गरम, तितका फायदा कमी होत गेला, आणि कडक दुष्काळात तो उरलाच नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. कार्बन जास्त मिळाल्यानं झाड सुरुवातीला भराभर वाढलं, पानांचा पसारा मोठा झाला. एकेका पानानं पाणी वाचवलं, पण पानंच इतकी झाली की जमिनीतली ओल वाचली नाही. पुढं ताण पडला तेव्हा त्या झाडांची रंध्रं सुकण्याचा निरोप मिळताच जास्तच मिटली, आणि मिटलेल्या पानाला हवेतल्या वाढीव कार्बनचा उपयोग काय?

इलिनॉयची जमीन खोल आणि काळीभोर. तिथं पडणारा पाऊस आमच्या कितीतरी वर. बीड जिल्हा पर्जन्यछायेत बसतो, आमचं वर्षाचं सरासरी पाऊसमान सातशे मिलिमीटरच्या आत, आणि तेही चार-दोन मोठ्या पावसांत येऊन जातं. तिथंच जर फायदा गळून पडला, तर धारूरच्या मुरमाड उतारावर, जिथं आठ दिवसांच्या उघडिपीनं पानं उलटी होतात, तिथं काय होत असेल? मराठवाड्याच्या खरिपात गेल्या काही दशकांत बाजरी, मूग, खरिपाची ज्वारी मागं पडली आणि सोयाबीननं त्यांची जागा घेतली. पैसा रोख मिळतो, मळणी एका दिवसात होते, बाजार जवळ आहे. शेतकऱ्यानं वेड्यासारखं केलं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण बदलत्या हवेत पाण्याच्या ताणाला ज्या पिकाचं पान सगळ्यात आधी हार मानतं, त्याच्यावर आमचा बहुतेक खरीप उभा आहे. ही गोष्ट कुणी तरी ठामपणे आणि मोजून सांगायला हवी.

ज्वारीची गोष्ट वेगळी, आणि मला ती फार आशेची वाटते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मॅरिकोपा इथं १९९८ आणि १९९९ साली ज्वारीवर असाच प्रयोग झाला. भरपूर पाणी दिलेल्या तुकड्यांत वाढीव कार्बननं दाण्याचा उतारा वाढला नाही. ज्वारीच्या पानात कार्बन गोळा करून आतल्या पेशींत दाबून भरणारी व्यवस्था मुळातच असते, तिला आजच्या हवेतलाच कार्बन पुरतो. पण कमी पाणी दिलेल्या तुकड्यांत दाणा वाढला. रंध्रांची वाट साधारण एक तृतीयांशानं आकसली, जमिनीतली ओल जास्त दिवस टिकली आणि ती ओल पुढं कणसाला कामी आली.

आमची रब्बीची ज्वारी म्हणजे तर पूर्णपणे साठवलेल्या ओलीचंच पीक. परतीचा पाऊस जमिनीत जिरतो, वाफसा आल्यावर पेर होते, आणि त्यानंतर बहुधा एक थेंबही न पडता ती पोटरीत येते, निसवते, हुरड्याला येते. पाऊस संपल्यावर जमिनीला भेगा पडू लागतात. त्या बुजवायला आम्ही आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवतो, आणि जुनी माणसं एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं उगीच म्हणत नाहीत. जमिनीच्या भेगा आम्ही मातीनं बुजवतो. पानाच्या फटी हवाच थोड्या मिटवत असेल, तर आमच्या काळ्या रानात डिसेंबर-जानेवारीतली ओल किती दिवस जास्त टिकते? चार दिवस टिकली तरी दाणा भरण्याच्या काळात त्या चार दिवसांची किंमत काय होते, हे मोहोळच्या मालदांडीपासून परभणी मोतीपर्यंतचे वाण हाताळणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कपाशीबद्दल थोडक्यात. त्याच मॅरिकोपाच्या शेतात १९९० च्या आसपास कपाशीवर प्रयोग झाले, तेव्हा बोंडांचं उत्पादन सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढलं. हा आकडा मी काही वेळा भाषणांत ऐकला आहे. पण त्या कपाशीला पाण्याची सोय होती. वडवणीच्या किंवा शिरूर कासारच्या माळावर ती नाही.

पाणी वाचतं एवढ्यावर आनंद मानावा, तर दुसरी बाजू लगेच पुढं येते. पानातून पाणी उडतं म्हणूनच पान थंड राहतं. माणसाला घाम येतो तसंच. रंध्रं आकसली की पान तापतं. प्रयोगांतल्या पिकांचा पानोळा शेजारच्या नेहमीच्या पिकापेक्षा साधारण अर्धा-एक अंशानं गरम भरला आहे. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण खंडाच्या दुपारी सोयाबीन फुलावर असतं, कपाशीला पाते लागलेले असतात. त्याच वेळी हवा कोरडी असते आणि तापमान आधीच चढलेलं असतं. फुलगळ आणि पातेगळ झाली की आम्ही ती पावसाच्या खंडावर टाकतो, किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेवर. त्यात तापलेल्या पानाचा वाटा किती, हे वेगळं काढून बघितलेलं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. लांबलेल्या खंडानंतर एकदम मोठा पाऊस झाला की कपाशीची उभी झाडं दोन दिवसांत मान टाकतात. त्याला आम्ही आकस्मिक मर म्हणतो. त्यातही मुळं, पाणी आणि पानाची ओढ यांचाच हिशोब बिघडलेला असतो.

आणि ताटातला भाग. २०१४ साली सॅम्युएल मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या उघड्या शेतांतल्या प्रयोगांचे दाणे तपासले. साडेपाचशे भागांच्या आसपासच्या हवेत पिकलेल्या गव्हात जस्त सुमारे नऊ टक्क्यांनी आणि लोह सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरलं. सोयाबीनमध्येही दोन्ही घटले. ज्वारीच्या दाण्यावर परिणाम त्या मानानं कमी होता. कारणं एकाहून जास्त आहेत, पण त्यातलं एक आपल्या विषयाला धरून आहे: पानातून पाणी कमी उडालं की मुळांकडे मातीतलं पाणी कमी ओढलं जातं, आणि त्याच्याबरोबर वाहत येणारी अन्नद्रव्यंही कमी येतात. लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ही ज्वारी आपल्याच विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८ साली दिली. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि फडातल्या कोपीत भाकरीवर दिवस काढतात, त्या जिल्ह्याला या वाणाचं मोल मोठं आहे. पुढच्या तीस वर्षांच्या हवेत या दाण्यातलं लोह टिकतं का, हे बघण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी परभणीची.

कार्बनची गोष्ट काढली की आमच्याकडे लोक परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवतात. समज असा की तिथला वायू बीडच्या शिवारावर साचतो. तसं नसतं. हा वायू जगभरच्या हवेत मिसळतो; परळीचा, शिकागोचा आणि शांघायचा धूर शेवटी एकाच हवेत जातो, आणि मौना लोआवरचा आकडा आमच्याही पानाला जवळजवळ तसाच लागू पडतो. पण परळीची एक आठवण मी विसरत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, आणि २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. कोळसा जाळून वाफ करणारी एवढी मोठी यंत्रणा दुष्काळानं थांबवली. त्या उन्हाळ्यांत आमच्या बांधावरच्या सीताफळांनी पालवी धरायला किती उशीर केला होता, तेही आठवतं. सीताफळ मोठं शहाणं झाड आहे. ताण वाढला की रंध्रं मिटत बसत नाही, पानंच टाकून देतं. हंगामी पिकाला ही सोय नाही. त्याला शंभर-सव्वाशे दिवसांतच सगळं उरकायचं असतं.

कुलगुरू महोदय, माझं मागणं मोठ्या रकमेनं सुरू होत नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत वरून उघड्या असलेल्या पारदर्शक कक्षांत वाढीव कार्बन सोडून तूर, उडीद, एरंड, सूर्यफूल वाढवलेले आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत उघड्या शेतातली व्यवस्था आहे. बारामतीजवळ माळेगावला ताणावरच काम करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. असा एक कक्ष, नव्हे दोन, बीड जिल्ह्यात हवेत: एक अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रावर, बालाघाटाच्या माथ्यावर, आणि एक गेवराई तालुक्यातल्या खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रावर, गोदावरीच्या बाजूच्या भारी जमिनीच्या टापूत. कारण रंध्रांचं वागणं मातीत साठलेल्या ओलीवर ठरतं, आणि हलक्या व भारी जमिनीचा फरक आमच्या जिल्ह्यात एका तासाच्या प्रवासात दिसतो.

पण त्याआधीही एक काम याच हंगामात सुरू करता येईल. पोरोमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण पानाला चिमट्यासारखं लावलं की रंध्रांतून पाणी किती वेगानं बाहेर पडतंय ते कळतं. वाणांच्या चाचण्या आपण दरवर्षी घेताच. बीडीएन ७११ तूर असो, एमएयूएस ७१ किंवा एमएयूएस १५८ सोयाबीन असो, खंड पडला की सातव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, दुपारी एकाच वेळेला, पानाची ही नोंद घ्या. पाऊस आल्यावर पुन्हा घ्या, कारण काही वाण मिटतात लवकर आणि उघडतातही लवकर, काही मिटले की उघडायला फार दिवस लावतात. नोंदीशेजारी पानाचं तापमान आणि जमिनीतली ओल लिहा. वाणाच्या घडीपत्रिकेत आज कालावधी, उतारा, रोगाला सहनशील की नाही, एवढं असतं. त्यात आणखी एक ओळ घाला: खंडात या वाणाचं पान कसं वागतं. बी घेताना दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ती ओळ कळली पाहिजे, अशा मराठीत.

रंध्रं कमी करून पाणी वाचवणारे वाण तयार करण्याच्या दिशेनंही जगात पावलं पडली आहेत. शेफील्ड विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी २०१९ साली आयआर ६४ या भातात एका जनुकाचं काम वाढवून रंध्रांची संख्या कमी केली. वाढीच्या एका टप्प्यात त्या भाताला नेहमीच्या सुमारे साठ टक्केच पाणी लागलं आणि ताणात तो जास्त दिवस तगला. वाचून मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. कमी रंध्रांचं पान आमच्या ऑक्टोबरच्या उन्हात तापेल का, हे शेफील्डच्या कक्षात कळणार नाही. तसं सोयाबीन किंवा तूर उद्या कुणी विकायला आणली, तर तिची परीक्षा घ्यायला आमच्याकडे आधीची नोंद हवी.

मोजायला माणसं कमी पडतील असं वाटत असेल, तर शाळा आहेत. जिल्ह्यात अकरा तालुके. प्रत्येक तालुक्यात दोन शाळा धरल्या, तरी आठवी-नववीची मुलं नेलपॉलिश आणि चिकटपट्टीवर ठसे काढतील. मी पंधरा मुलांना एका तासात शिकवते आणि चुकीचे ठसे बाजूला काढायलाही शिकवते. बैलगाडीच्या वाटेवरचा धूळ बसलेला ठसा कसा ओळखायचा, हे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आमच्या जिल्ह्यात २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाखाली हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचं काम चाललं आहे. शेततळी झाली, ठिबक झालं, बीजोत्पादन झालं. त्या कामात पान वाचायला शिकवणं बसणार नाही, असं मला वाटत नाही.

आबांना मी त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की कार्बन वाढला हे खरं, पण तो घ्यायला पानाचं तोंड उघडं लागतं, आणि तोंड उघडायला पायाखाली ओल लागते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "मग ज्वारीचं काय हुईल?" त्यावर मी म्हटलं, परभणीला विचारते.

या पत्राबरोबर आठ काचपट्ट्या पाठवते आहे. चार सोयाबीनच्या, दोन तुरीच्या, दोन ज्वारीच्या. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ लिहिली आहे, पानाची कुठली बाजू तेही लिहिलं आहे. ज्वारीच्या पट्ट्यांवर वाणाच्या जागी 'गावठी, आबांच्या घरचं' असं आहे. जमिनीतल्या ओलीच्या रकान्यात आकडा टाकायला माझ्याकडे साधन नव्हतं. तिथं मी लिहिलं आहे: वीतभर खणलं, माती मुठीत बांधली जात नव्हती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका व कोरडवाहू शेतकरी
ता. धारूर, जि. बीड